नेम हाताचा, साथ गोळीची

खोपोलीला लागून असलेल्या साजगावची बोंबल्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीपासून भरते आणि सुक्या मासळीच्या बाजारासाठी ओळखली जाते. अशा कोणत्याही यात्रेत फुगे फोडण्याचे एखादे दुकान असतेच. तेथे नेम चुकला की गिऱ्हाईक हमखास म्हणते, 'बंदुकीची नळीच वाकडी आहे!' ही सबब सर्वस्वी खोटी नसते. तेथील छर्रे एका डब्यात खुळखुळत पडलेले, चेपलेले, एकमेकांशी न जुळणारे असतात. नळी सरळ असली तरी असा छर्रा सरळ जाईल याची हमी नसते. मात्र हीच सबब स्पर्धेच्या नेमबाजीत आली की ती महाग पडते, कारण तेथे सबबीबरोबर खर्चही येतो.

गेल्या वीसेक वर्षांत रायगड जिल्ह्यात नेमबाजी हा अनोळखी खेळ राहिलेला नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांची लक्ष्य शूटिंग क्लब ही प्रशिक्षण संस्था पनवेलमध्ये आहे आणि खालापूर तालुक्यातील मुलामुलींना जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तेथे पोहोचता येते. सुरुवात बहुधा एअर पिस्तुलाने किंवा एअर रायफलने होते. शस्त्र हाती आल्यावर काही महिन्यांतच पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : गुण वाढत नाहीत, तेव्हा अधिक महागडे पेलेट घ्यावेत काय? या प्रश्नाचे उत्तर मतावर सोडण्याचे कारण नाही. ते हिशेबाने देता येते.

आधी लक्ष्याचे माप पाहू. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि त्यापुढील प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकते. अंतिम फेरीत दशांशात गुण मोजले जातात, म्हणजे ०.१ गुणाची किंमत ०.८ मिलिमीटर होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर २२१.७ गुणांवर थांबली आणि तिच्या पुढे असलेली कोरियाची किम येजी २२१.८ वर होती. रौप्य आणि कांस्य यांत एवढेच अंतर होते. असे आकडे वाचले की पेलेटच्या डब्याकडे संशयाने पाहावेसे वाटते, आणि उत्पादकांच्या जाहिराती नेमका याच भावनेचा फायदा घेतात.

पण लक्ष्यावरची छिद्रे दोन कारणांनी विखुरतात. एक कारण हाताचे, दुसरे गोळी व नळी यांचे. एकाच ठिकाणी नेम धरून झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांच्या पुंजक्याला नेमबाज 'ग्रुप' म्हणतात आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर ही त्याची रुंदी. हाताचा ग्रुप आणि गोळीचा ग्रुप यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्ही चुका स्वतंत्र असल्यामुळे कधी त्या एकाच दिशेला जातात, कधी एकमेकींना खोडतात. म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. शाळेतला पायथागोरस येथे उपयोगी पडतो.

मानू की नवशिक्या मुलाच्या हाताचा ग्रुप ६० मिलिमीटरचा आहे. त्याचे साधे पेलेट पिस्तूल शिकंज्यात धरून झाडल्यास १२ मिलिमीटरचा ग्रुप देतात. दोहोंचा एकत्र परिणाम सुमारे ६१.२ मिलिमीटर. आता त्याने ६ मिलिमीटरचा ग्रुप देणारे उत्तम पेलेट घेतले, तर परिणाम ६०.३. म्हणजे गोळीची चूक निम्मी झाली आणि लक्ष्यावर एक मिलिमीटरही सुधारणा झाली नाही. हेच पेलेट हाताचा ग्रुप २० मिलिमीटरवर आलेल्या निष्णात नेमबाजाला दिले, तर २३.३ वरून २०.९ पर्यंत, जवळपास अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. मध्यापासून मोजता, अंतिम फेरीच्या भाषेत हे सुमारे दीड दशांश झाले. तेव्हा गोळीची काटेकोर निवड ही ज्याचा हात आधीच स्थिर झाला आहे त्याच्यासाठी आहे. इतरांनी तो पैसा सरावाच्या पेलेटवर खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे.

याचा अर्थ कोणताही पेलेट चालेल असा नव्हे. स्पर्धेचा पेलेट ४.५ मिलिमीटर व्यासाचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा, सपाट तोंडाचा आणि डमरूसारख्या आकाराचा असतो. सपाट तोंडामुळे कागदावर स्वच्छ गोल छिद्र पडते. मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने नळीच्या आट्यांत घट्ट बसतो. तोच चेपलेला असेल तर हवा एका बाजूने निसटते आणि पेलेट नळीतून बाहेर पडतानाच कलतो. म्हणून डोळ्यांनी पाहायची पहिली गोष्ट हा घेर होय. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा मिलिमीटरच्या शतांशाने वेगळा करून डबे विकले जातात. त्यांपैकी कोणता आपल्या नळीला मानवेल हे डब्यावरून कळत नाही, झाडूनच पाहावे लागते.

वजनाबाबत मात्र अनेकांचा गैरसमज आहे. काही हौशी मंडळी सोनाराच्या काट्यावर एकेक पेलेट तोलतात. एअर पिस्तुलाच्या पेलेटचा वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर धरला, तर १० मीटर जाताना तो गुरुत्वाकर्षणाने साधारण २२ मिलिमीटर खाली येतो. वेग एक टक्क्याने कमीजास्त झाला, तर या उताऱ्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरक पडतो. चांगल्या डब्यातील पेलेटच्या वजनातील तफावतीचा परिणाम असाच किरकोळ असतो. तोलण्यात गेलेली संध्याकाळ कोऱ्या भिंतीसमोर चाप दाबण्याच्या सरावात गेली असती, तर गुण अधिक वाढले असते.

खरी अडचण चाचणीत असते, कारण ती बहुतेक जण चुकीची करतात. पाच-पाच पेलेट झाडून दहा डबे तपासायचे आणि सर्वांत लहान ग्रुप देणारा डबा निवडायचा, ही सर्रास चालणारी पद्धत. पण एकाच डब्यातील पाच-पाच पेलेटचे दहा ग्रुप काढले, तरी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा ग्रुप यांत दुपटीचे अंतर सहज निघू शकते. दहा डब्यांच्या शर्यतीत जिंकणारा डबा हा बऱ्याचदा नशीबवान असतो, उत्तम असेलच असे नाही. त्यावर उपाय साधा आहे. पिस्तूल शिकंज्यात पक्के धरावे, दहा-दहा पेलेटचे निदान तीन ग्रुप प्रत्येक डब्यातून काढावेत, डबे आलटून पालटून घ्यावेत, म्हणजे नळी मळण्याचा दोष एकाच डब्यावर जाणार नाही. पहिल्या फेरीत पुढे आलेले दोन-तीन डबे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावेत. दुसऱ्या फेरीतही जो टिकतो, तोच खरा. हाताने झाडून केलेली चाचणी ही पेलेटची नसून त्या दिवशीच्या मनःस्थितीची असते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

२५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ चे काडतूस येते आणि येथे निवडीचे स्वरूप बदलते. या काडतुसाचा स्फोटक मसाला पितळी कडेच्या आतल्या घडीत भरलेला असतो. फायरिंग पिनचा घाव त्या कडेवर बसतो. त्यामुळे एकदा वापरलेले कवच पुन्हा भरता येत नाही. नेमबाजाला कारखान्याने जे दिले त्यातूनच निवडावे लागते. बर्मिंगहॅमची इली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ ही या क्षेत्रातील परिचित नावे. एकाच छापाची दोन खोकी एकसारखी असतात असे मात्र नाही. मसाल्याचे मिश्रण, शिसे, वंगण, साच्यांची झीज यांत घडोघडी सूक्ष्म फरक पडतो. म्हणून खोक्यावरील लॉट क्रमांक हा छापाच्या नावापेक्षा महत्त्वाचा. मोठे नेमबाज एखादा लॉट आपल्या नळीत जुळला की त्याच क्रमांकाची शक्य तितकी खोकी घेऊन ठेवतात.

तरीही पिस्तुलात अचूकतेच्या आधी आणखी एक कसोटी लागते आणि रायफलवाल्यांचे लेख वाचून पिस्तूल चालविणारे ती विसरतात. काडतूस प्रत्येक वेळी न अडकता आत गेले पाहिजे आणि रिकामे कवच बाहेर पडले पाहिजे. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातील जलद टप्प्यात प्रत्येक गोळीला तीनच सेकंद मिळतात, आणि मधल्या सात सेकंदांत हात खाली घ्यायचा असतो. तेथे अडकलेले काडतूस नेमबाजाची लय मोडते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतची आणि थायलंडच्या नफास्वान यांगपाइबून हिची ३४ वर बरोबरी झाली. पहिल्या शूट-ऑफमध्येही ४-४ अशी बरोबरी राहिली आणि दुसऱ्यात राहीने ३-२ असे सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. या फेरीत १०.२ किंवा त्याहून अधिक गुणांची गोळीच 'लागली' असे धरले जाते. त्या लक्ष्याच्या मापात हे क्षेत्र सुमारे साडेआठ सेंटिमीटर रुंदीचे होते. कोणतेही बऱ्यापैकी काडतूस २५ मीटरवर याच्या अंशभर जागेत ग्रुप करते. अशा वेळी दीड सेंटिमीटर की दोन सेंटिमीटर यापेक्षा, काडतूस न चुकता चालणे आणि झटका सौम्य असणे अधिक मोलाचे.

काडतूस स्वतः भरण्याचा आणि त्यासाठी सुटी गोळी निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो सेंटर फायर पिस्तुलात. या प्रकारात महाराष्ट्राचा वारसा जुना आहे. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडित यांनी सेंटर फायर पिस्तुलाचे सुवर्ण मिळविले. त्या स्पर्धेतील भारताची उरलेली बाराही सुवर्णपदके भारोत्तोलनातील होती. पुढे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी याच प्रकारात ५९० गुणांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. नियमांनुसार येथे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची नळी चालते आणि बहुतेकांची पसंती .३२ च्या वॉडकटर गोळीला असते. ही गोळी दंडगोलासारखी, सपाट तोंडाची, शुद्ध किंवा मऊ शिशाची असते आणि कवचाच्या आत जवळजवळ पूर्ण बुडालेली असते.

अशी गोळी पारखताना जाणकार तोंडाकडे कमी आणि बुडाकडे अधिक पाहतात. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी तिच्यामागचा वायू बुडावर सर्व बाजूंनी सारखा सुटला पाहिजे. बुडाच्या कडेला टवका असेल, तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. तोंडावरचा ओरखडा त्या मानाने निरुपद्रवी. अनेक वॉडकटरचे बूड आतून पोकळ ठेवलेले असते; दाबाने ते फुलून नळीच्या आट्यांना चिकटते, शिवाय वजन पुढे गेल्याने उड्डाण स्थिर राहते. दुसरी बाब व्यासाची. शिशाची गोळी नळीच्या आट्यांच्या मापापेक्षा किंचित मोठी असावी लागते. लहान पडली तर वायू निसटतो, नळीत शिसे माखते आणि ग्रुप फाटतो. तिसरी बाब घडणीची. साच्यात ओतलेल्या गोळीत हवेचा बुडबुडा राहू शकतो, दाबून घडविलेली गोळी अधिक एकसारखी निघते. येथे वजनकाटा खरोखर कामाचा ठरतो; पोकळी राहिलेली गोळी वेगळी काढण्यापुरता.

अमेरिकेतील 'बुल्सआय' स्पर्धांत पिस्तूल एका हाताने धरून ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४६ मीटरवर नेम साधतात. तेथील नेमबाज दूरच्या अंतरासाठी चांगल्या, महाग गोळ्या आणि २५ यार्डांसाठी ओतीव, स्वस्त गोळ्या असा भेद करतात. अंतर दुप्पट झाले की गोळीची चूकही दुप्पट होते आणि मगच तिची किंमत मोजणे परवडते, असा त्यांचा व्यवहारी विचार. पण तेथील छंद जसाच्या तसा येथे आणता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतुसे तयार करण्यास मनाई आहे. काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनविण्याची यंत्रसामग्री यांनाही हा कायदा दारूगोळ्याच्याच व्याख्येत धरतो. परदेशी चित्रफिती पाहून घरच्या टेबलावर हा उद्योग करू पाहणाऱ्याला सुवर्णपदकाऐवजी फौजदारी खटलाच मिळेल. हवेच्या शस्त्रांची गोष्ट निराळी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार.१७७ पर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपासच असते. सामान्य घरातील मुलाला गोळी निवडीचे शास्त्र शिकण्यासाठी म्हणूनच पेलेट हेच योग्य साधन आहे.

निवडलेले पेलेट टिकविणे हे कोकणाच्या हवेत स्वतंत्र काम होऊन बसते. घाटाच्या पायथ्याला पावसाळ्याचे चार महिने कपाटातील कपडेही ओलसर लागतात. दमट हवेत शिसे पांढुरके पडते आणि त्याची भुकटी नळीत जाते. डबा घट्ट झाकून, ओल शोषणाऱ्या पुडीसह कोरड्या जागी ठेवावा, पिशवीत खुळखुळू देऊ नये. एका मोसमात जेवढे लागतील तेवढेच पेलेट, एकाच लॉटचे, घ्यावेत. पेलेट हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा तो फक्त पेलेटचा, जेवणाचा नव्हे. शिशाचे विष नेमबाज आणि प्रेक्षक असा भेद करीत नाही, आणि सरावाला येणाऱ्यांत बारा-तेरा वर्षांची मुले बरीच असतात.