‘ठाण्याला पाठवा’ म्हणण्याआधी

कुणी जरा विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला न्या’ किंवा ‘येरवड्याला पाठवा’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे, कारण दोन्हीकडे मनोरुग्णालयं आहेत. त्या चेष्टेमागचे समज मात्र गरीब घरातल्या रुग्णाला उपचारापासून दूर ठेवतात, म्हणून ते खोडून काढायलाच हवेत.

इंग्रजांनी ही इस्पितळं वेड बरं करायला बांधली, हा त्यातला पहिला समज. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४चं, रत्नागिरीचं १८८६चं, ठाण्याचं १९०१चं. तेव्हा मनोविकारावर गुणकारी औषधच नव्हतं. क्लोरप्रोमाझिन या औषधाचा गुण फ्रान्समध्ये दिसला तो १९५२ साली. १८५८च्या कायद्यानुसार भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर माणसाला पोलिसांनी धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि त्याच्या हुकमावर आत ठेवायचं. ज्याच्याकडे वाडा नि नोकरचाकर होते, त्याला घरातच सांभाळत. रस्त्यावर सापडायचा तो गरीब. त्याच्या वाट्याला उपचारांपेक्षा बंदोबस्तच जास्त आला. १९१२चा कायदाही याच वाटेने गेला आणि स्वतंत्र भारतात तो १९९३पर्यंत टिकला, ही गोष्ट मला फार लागते. कसलाही गुन्हा न केलेले मनोरुग्ण तेव्हा तुरुंगातही डांबले जात. पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्येच ते बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवलं.

साखळदंड फक्त अशा सरकारी इस्पितळातच, देवस्थानाच्या आसऱ्याला माणूस सुखरूप, असंही अनेकांना वाटतं. तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसपास रुग्णांना ठेवून घेणारी खासगी ठिकाणं होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांपैकी एकाला आग लागली. साखळीने बांधलेल्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. श्रद्धेला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. जवळपास परवडणारा डॉक्टर नसला की गरीब कुटुंब आणखी कुठे जाणार? आज कुठल्याही रुग्णाला साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणंही निषिद्ध आहे.

‘भरतीला कोर्टाची ऑर्डर लागते आणि एकदा आत गेला की सुटका नाही’, हे तर घरोघरी ऐकू येतं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. स्वतःचा निर्णय घेऊ शकणारा प्रौढ रुग्ण आपणहून दाखल होऊ शकतो आणि घरी जायचं म्हणाला तर साधारणपणे त्याला सोडावं लागतं. काही ठरावीक कारणांसाठी तपासणी करायला डॉक्टर त्याला २४ तास थांबवू शकतात. या समजात एक कटू सत्य मात्र आहे. बरे झालेले कितीतरी रुग्ण वॉर्डातच राहतात, कारण न्यायला कुणी येत नाही. घरच्यांनी टाकलं एवढ्याच कारणावरून कुणाला आत ठेवता येत नाही, असं कायदा म्हणतो आणि समाजात राहण्याची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. तसे निवारे पुरेसे उभे राहिलेले नाहीत. दोष कुटुंबाचा आहेच, पण सरकारचा त्याहून मोठा आहे.

आणि पैशाचं काय? दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार किंवा बेघर रुग्णाला सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य केंद्रांत मोफत उपचारांचा हक्क आहे. रेशनकार्ड पिवळं नाही किंवा दारिद्र्यरेषेचं कार्डच नाही म्हणून खिडकीवरून परत पाठवलं, तर २०१७च्या या कायद्याचं कलम १८ दाखवा. कार्ड असो वा नसो, हक्क आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.