चाळीस गुणांचा माणूस

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या बेळगावच्या गल्लीबोळांत मातीचे ढीग पडू लागतात आणि मुले किल्ले बांधावयास बसतात. बुरूज कोठे असावा, तळे कोठे, मावळे कोणत्या वाटेने चढावेत, यावर जो काथ्याकूट चालतो तो ऐकण्यासारखा असतो. आमचा नातूही दहावीपर्यंत या कामात पुढे असे. आता तो अभियांत्रिकी शिकतो. गेल्या दिवाळीत, ऐन किल्ल्याच्या दिवसांत, तो खोलीचे दार लोटून संगणकापुढे बसलेला आम्हांस आढळला. दोन शब्द सुनवावेत म्हणून आम्ही आत गेलो. पडद्यावर गोळीबार चालला असेल अशी आमची समजूत होती. पण तेथे होता केवळ एक तक्ता, आणि त्या तक्त्याकडे पाहत हा मुलगा अर्धा तास गालाला हात लावून बसला होता.

"आज्जा, पाच गुण उरलेत," तो म्हणाला, "कुठं घालू, सांगा की."

सुनवावयाचे दोन शब्द घशातच राहिले. पुढचे काही आठवडे आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. जे पाहिले आणि समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण आमच्या पिढीने या खेळांची निंदा पुष्कळ केली, पण त्यांत आहे काय, हे पाहण्याचे कष्ट फारसे घेतले नाहीत.

या खेळांची मूळ कल्पना अशी : अणुयुद्धाने जगाचा संहार झाला आहे, नगरे उजाड पडली आहेत, आणि उरलीसुरली माणसे पडक्या भिंतींच्या आडोशाने पुन्हा संसार मांडीत आहेत. त्या जगातील एका माणसाची भूमिका खेळणाराने घ्यावयाची. १९८८ साली अमेरिकेतील इंटरप्ले या संस्थेने 'वेस्टलँड' नावाचा असा एक खेळ तयार केला. त्याच संस्थेचा 'फॉलआउट' हा खेळ १९९७ साली आला आणि या प्रकाराचा खरा बोलबाला तेव्हापासून झाला. त्यात युद्ध होते २०७७ साली. काही लोक भुयारी वसाहतींत तग धरून राहतात. पुढे २१६१ साली एका वसाहतीचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बिघडते आणि त्याचा सुटा भाग शोधून आणण्यासाठी एकाला बाहेर धाडले जाते. मुदत दीडशे दिवसांची. सारे महाभारत सुरू होते ते घागरभर पाण्यावरून!

या मालिकेतील तिसरा खेळ २००८ साली आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन तो भारतात आणण्याचा बेत रद्द केला. नेमके काय खटकले ते सांगितले नाही. त्या खेळातील दोन तोंडांच्या गायींना 'ब्राह्मिन' असे नाव दिले आहे, त्यावरून अनेकांनी तर्क केले. आमच्या नातवापुढे होता तो २०१० सालचा, ऑब्सिडियन या संस्थेने रचलेला 'फॉलआउट : न्यू व्हेगास'. त्याचा नायक सामानसुमान पोहोचविणारा एक निरोप्या, आपल्या जुन्या भाषेत जासूद. वाटेत त्याला गोळी घालून पुरतात. एका खेड्यातील वृद्ध डॉक्टर त्याला वाचवितो. शुद्धीवर येताच तो वर सांगितलेला तक्ता समोर येतो.

तक्त्यात सात गुण आहेत : बळ, अवधान, सहनशक्ती, लोकांना आपलेसे करण्याची हातोटी, बुद्धी, चपळाई आणि नशीब. प्रत्येकाच्या वाट्याला आरंभी पाच, आणि वर आणखी पाच आपल्या मर्जीने वाटावयास. म्हणजे एकूण चाळीस. प्रत्येक गुण दहापर्यंत नेता येतो. सातही गुण दहा-दहा करू म्हटले तर सत्तर लागतील, हाती आहेत चाळीस. एकाचे वाढवावयाचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागते. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या असत आणि दुर्गुणांचे साप. पण त्यांवर नेऊन ठेवण्याचे काम कवड्या करीत. येथे कवड्यांना बोल लावण्याची सोय नाही. माणूस जसा घडला तसा आपणच घडविलेला.

आणि जसा घडविला तसे जग त्याच्याशी वागते. १९९७ च्या खेळात बुद्धी फारच कमी ठेवली तर नायकाला धड वाक्यही बोलता येत नाही आणि लोक त्याला वाटेला लावतात. उलट वक्तृत्व कमावले असेल तर शेवटच्या बलाढ्य शत्रूलाही शस्त्रावाचून जिंकता येते. तो शत्रू माणसांपासून एक नवी, अधिक ताकदवान जात निर्माण करू पाहतो. तुझ्या या जातीला संतती होणे शक्य नाही, हे पुरावे दाखवून पटविले की तो स्वतःच खचतो आणि आपल्या हाताने आपला शेवट करतो. रक्तपाताचा म्हणून हिणविलेल्या खेळात सर्वांत मोठा विजय युक्तिवादाचा असावा, याचे आम्हांस नवल वाटले.

काठिण्याचीही दोन रूपे आम्ही पाहिली. एक अगदी साधे : काठिण्यपातळी वाढविली की शत्रूचा घाव अधिक लागतो आणि आपला कमी. यातून चिकाटी वाढत असेल. शहाणपण वाढते असे दिसले नाही. दुसरे रूप 'न्यू व्हेगास'मध्ये स्वतंत्र निवडावे लागते. ते निवडले की नायकाला तहान, भूक आणि झोप लागते, काडतुसांचेही ओझे होते, आणि सोबती एकदा पडला की पुन्हा उठत नाही. मग माणूस निघण्यापूर्वी झोळी उघडून पाहतो : दारूगोळा कमी करावा की पाण्याची एक बाटली अधिक घ्यावी? मे महिन्यात राकसकोप जलाशयाची पातळी किती उरली ते वर्तमानपत्रात पाहणाऱ्या बेळगावकराला ही विवंचना समजावून सांगावी लागत नाही. सर्बियात तयार झालेला २०१५ सालचा 'अंडररेल' याहून कठोर. तेथे आरंभी गुणांची वाटणी अविचाराने केली तर त्याचे फळ कित्येक तासांनी, परतीची वाट नसताना, पदरात पडते.

सीमाभागातील माणसाचे लक्ष मात्र खिळते ते गटांवर. 'न्यू व्हेगास'च्या वाळवंटात कोलोरॅडो नदीवरचे हूवर धरण अजून उभे आहे. ज्याच्या हाती धरण त्याच्या हाती पाणी आणि वीज. त्यासाठी एकीकडे न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक : कायदा आणि लोकशाही सांगणारे, पण कर घेणारे, आवाक्याबाहेर पसरलेले, आणि पूर्वी एका तळावर म्हाताऱ्याकोताऱ्यांवर व लेकरांवर गोळ्या झाडल्याचा डाग वागविणारे. दुसरीकडे सीझरची सेना : शिस्तीच्या नावाखाली गुलामगिरी चालविणारी. तिसरा हाउस नावाचा धनाढ्य, शहर आपल्या मुठीत ठेवणारा. आणि या तिघांच्या मधे गुडस्प्रिंग्ज, प्रिम यांसारखी लहान गावे. प्रिमला आपला रखवालदार निवडावयाचा असतो. रिपब्लिकचे सैन्य बोलावले तर संरक्षण मिळते, मागोमाग कर येतो.

येथील हिशेबाची पद्धत तर फार मार्मिक आहे. प्रत्येक गटाच्या आणि गावाच्या दफ्तरी आपल्या कीर्तीचे एक खाते आणि अपकीर्तीचे दुसरे. एका खात्यातील जमेने दुसऱ्यातील नावे बाजू खोडली जात नाही. आज केलेल्या उपकाराने कालचा अपकार पुसला जात नाही. लोक दोन्ही लक्षात ठेवतात. शिवाय एखाद्या गटाचा पोशाख अंगावर चढविला की त्याचे वैरी तोंड न पाहताच गोळी झाडतात.

हे पाहताना आमच्या मनात आपलाच मुलूख उभा राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हा इतिहास आपल्या घरांतून नव्याने सांगावयास नको. तणाव वाढला की एस. टी. च्या फेऱ्या थांबतात आणि गाडीच्या पाटीवरील अक्षरे पाहून माणसाची परीक्षा होते. पोशाख पाहून गोळी झाडण्याचाच तो प्रकार. पण याच मुलखात निपाणीची मुले शेजारच्या अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, देवचंद महाविद्यालयात शिकावयास जातात. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक निपाणीच्या महामार्गावर ठाण मांडून बसले आणि गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांनी मागितला होता तो मालाला रास्त भाव. भावाच्या प्रश्नाला भाषा नसते. आणि बेळगावात प्राध्यापकी केलेल्या पु. ल. देशपांडे यांनी ज्यांना अजरामर केले ते कानडी वळणाचे मराठी बोलणारे रावसाहेब! लोकांना आपलेसे करण्याच्या रकान्यात त्यांना दहापैकी दहा द्यावे लागतील. आपला न्याय्य हक्क सोडावा असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की बाजू घेतल्यावरही शेजाऱ्याच्या दफ्तरातील आपले खाते चालूच राहते.

एका रात्री आम्ही नातवाला विचारले, "तू कोणाच्या बाजूचा?" तो म्हणाला, "पहिल्या डावात कुणाच्याच नव्हतो. स्वतंत्र राहिलो. पण आज्जा, त्यात पण गावांचे हाल होतातच की." मग त्याने उलट विचारले, "तुम्ही माझे गुण कुठं घातलात?"

तो थट्टेने बोलला. आम्हांस रात्रभर झोप आली नाही. सीमाभागातील प्रत्येक घरापुढे हाच तक्ता असतो. मुलाच्या दिवसाचे तास मोजके : इंग्रजी पोटासाठी, कन्नड राज्यातील नोकरीसाठी आणि शेजारधर्मासाठी, मराठी घरासाठी. आम्ही आपल्या हाताने त्याला इंग्रजी माध्यमात घातले, कन्नडची शिकवणी लावली, आणि मराठी काय, घरात आपोआप येईल असे धरून चाललो. बोलणे आले. वाचताना मात्र तो अजून जोडाक्षराशी अडखळतो. भाषेसाठी मोर्चात चाललेल्या माणसाच्या घरातली ही गोष्ट आहे. दोष शाळेचा नाही, सरकारचा नाही, संगणकाचा तर मुळीच नाही. आमच्या तक्त्यात तो रकाना आम्हीच रिकामा सोडला.

खेळात जुना डाव उघडून नवी वाटणी करता येते. संसारात तशी सोय नाही; पण माणूस अनुभवाने पुढे वाढतो, ही सोय दोन्हीकडे आहे. म्हणून आम्ही दोघांनी करार केला आहे. रात्री जेवणानंतर अर्धा तास तो आम्हांस खेळ शिकवितो, आणि त्याआधी तो एक पान मराठी मोठ्याने वाचतो. आमचा नायक अजून वाळवंटात पाण्यावाचून मरतो. त्याचे 'प्रतिष्ठा' आणि 'वैशिष्ट्य' अजून नीट होत नाही. हा लेखही पाठविण्यापूर्वी त्यानेच वाचून दाखविला. पाऊण तास लागला. आम्ही मधे एकदाही बोललो नाही.