कुंडीतले रोप पिवळे का पडते?

रोप पिवळे पडले, की आपण आधी पाणी घालतो. पुष्कळदा तेच त्याच्या जिवावर येते. म्हणून प्रथम माती दोन बोटे उकरून पाहावी. ती चिकट ओली असेल, तर पाणी थांबवावे व कुंडीचे भोक मोकळे करावे. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाण्याने घेतली, की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजतात.

माती ठीक असेल, तर कोणती पाने आधी पिवळी झाली ते पाहा. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे ४ अणू असतात. नायट्रोजन कमी पडला, की रोप तो जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवते. त्यामुळे खालची पाने आधी पिवळी पडतात. अशा रोपाला चांगले कुजलेले शेणखत द्यावे.

लोह हरितद्रव्यात नसते, पण ते तयार होण्यासाठी लागते. एकदा पानात गेलेले लोह सहसा बाहेर पडत नाही. म्हणून लोह कमी पडले, तर शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असूनही ते नीट विरघळत नाही.

याची खात्री वर्गात करता येईल. अर्धा लीटर पाण्यात १ ग्रॅम हिराकस विरघळवा आणि लगेच एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला कापसाने लावा. फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी १८४०च्या दशकात लोहाच्या क्षारांनी पाने हिरवी करून दाखवली होती. आठवड्याभरात तेवढाच भाग हिरवा झाला, तर निदान बरोबर. नाही झाला, तर दुसरे कारण शोधायला हवे.