गोट्यांमधले दहा दिवस

आषाढात घाटमाथ्यावर पावसाची धार लागली, ओढे फुगले, की उन्हाळाभर डोहात तग धरून राहिलेला महाशीर प्रवाहाविरुद्ध वर निघतो. चढणीच्या माशांतला हा दांडगा गडी. सोनेरी झाक, जाड ओठ, मोठाले खवले. कर्नल साईक्सने १८३९ साली शास्त्राला ओळख करून दिलेला दख्खनी महाशीर पुण्याजवळच्या मुळा-मुठेचा!

त्याच्या जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते घशात, आणि असे भक्कम की गोगलगाईच्या शंखांचा चुरा होतो. पण मी थक्क होतो ते त्याच्या अंड्यापाशी. रोहूची मादी लाखो अंडी सोडते आणि दिवस सरायच्या आत पिल्लं बाहेर येतात. महाशीरची अंडी त्या मानाने मोजकी, पण मोठी, जड, बलकाने ठासून भरलेली. ती तळाला जाऊन गोट्यांच्या फटींत बसतात. पिल्लू बाहेर यायला तीन-चार दिवस लागतात, आणि आलं तरी ते पोहत नाही! पोटाशी बलकाची पिशवी घेऊन आणखी पाच-सहा दिवस तळाशीच पडून राहतं. उजेड त्याला सोसत नाही; डोकं अंधाऱ्या कोपऱ्यात खुपसायचं आणि शेपटी हलवत राहायची, एवढंच त्याचं जगणं.

म्हणजे जवळजवळ दहा दिवस एवढ्या बलदंड माशाची पुढची पिढी नदीतल्या गोट्यांच्या भरवशावर असते. फटींतून खळाळतं पाणी फिरत राहिलं तर ठीक, गाळ बसला की अंडी गुदमरलीच. शिवाय सह्याद्रीतल्या ओढ्याचा पूर एका रात्रीत येतो आणि सगळं धुऊन नेतो. त्यावर मादीने काढलेली तोड मला फार शहाणपणाची वाटते: ती सगळी अंडी एकदम घालत नाही, टप्प्याटप्प्याने घालते. एक खेप वाहून गेली तरी दुसरी तगू शकते.

महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत महाशीर देवीचे मानले जातात, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. या श्रद्धेने मोठे मासे राखले, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण वरच्या अंगाला बंधारा पडला किंवा वाळू-गोटे उपसले गेले, तर डोहातल्या माशाने अंडी घालायची कुठे?

लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून अंडी सांभाळायचं हे गोट्यांचं काम माणसं करत आली आहेत. मादीची अंडी हलक्या हाताने काढायची, नराचं बीज मिसळायचं, आणि अंडी ट्रेमध्ये पसरायची. तिथेही त्यांच्यावरून वाहतं पाणी रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं.