मन द्यायला किती वर्षं लागतात?

1907 साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावच्या एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तिथे कविता म्हटली आणि संमेलनातून तो 'बालकवी' होऊनच परतला. हे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. शाळेच्या पुस्तकात गोष्ट एवढ्यावरच थांबते. पुढे हेच ठोंबरे अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले, घरातल्या मुलासारखे. टिळक ब्राह्मण घरातले, ख्रिस्ती झालेले. ठोंबऱ्यांनी मात्र बाप्तिस्मा कधी घेतला नाही.

खानदेशातल्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारी जाऊन बसलं तर 'प्रभूला मन द्या' हे शब्द कानावर पडतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे धर्म बदलण्याचं आवाहन आहे. आतल्यांनाही पुष्कळदा तसंच वाटतं. पण या दोन गोष्टींत अंतर आहे, आणि ते किती असू शकतं हे टिळकांच्या घराइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

टिळकांची सुरुवात झाली ती रेल्वेच्या डब्यात. साल 1893, गाडी नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली. एका युरोपीय सहप्रवाशाशी धर्मावर बोलणं झालं आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. शत्रूवर प्रेम करा, उद्याची काळजी करू नका, या गोष्टी ज्याने सांगितल्या तो माणूस त्यांना सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतल्या भेटीपासून दोन वर्षांच्या आत.

हे झालं टिळकांचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं काय?

अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, सोवळ्यात वाढलेल्या या बाईवर नवऱ्याच्या निर्णयाने आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, मग मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या. पण आल्या तरी त्यांचं सोवळं, त्यांचं पाणी वेगळं. एकाच संसारात दोन धर्म. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं स्वतःचीच थट्टा करत सांगितलंय. मन वळलं ते प्रवचनाने नाही, वादानेही नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्या मनाशी घोळवत राहिल्या. माणसानेच केली असं एकदा पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. मंडळीत ज्याला 'साक्ष' म्हणतात, म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते उभं राहून सांगणं, ती लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पाण्याच्या तांब्यापासून सुरू होते.

पंडिता रमाबाईंचा क्रम याच्या अगदी उलटा. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनीच कबूल केलं, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. तो मिळायला आणखी सात-आठ वर्षं जावी लागली. पुराणं मुखोद्गत असलेल्या विदुषीने हे लिहावं, याला मोल आहे. धर्ममतं पटणं हे बुद्धीचं काम. आपण तारणाला पात्र नाही, तरीही कुणी आपल्याला जवळ घेतंय, हे मानून त्यावर भार टाकणं वेगळं. ग्रीक नव्या करारातला 'पिस्तिस' हा शब्द या दोन्ही अर्थांनी येतो. मराठी बायबलने त्यासाठी 'विश्वास' वापरला, आणि तो चपखल आहे. सावकार शेतकऱ्यावर ठेवतो तोही विश्वासच, पोर बापाच्या खांद्यावर झोपी जातं तोही विश्वासच. चर्चला दुसरा अभिप्रेत आहे.

असा भार टाकणं म्हणजे शरण जाणं, आणि 'शरण' हा शब्द तर खानदेशाला नवा नाहीच. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. गीतेचा शेवटही शरणागतीपाशीच येतो. आणि मन हाती लागणं किती अवघड, हे जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मनाला पिकात शिरणाऱ्या मोकाट ढोराची उपमा दिली. टिळकही म्हणत, की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून. वारकरी घरातून आलेल्याला ख्रिस्ती शरणागतीत पुष्कळ ओळखीचं सापडतं. निराळं आहे ते गेथशेमाने बागेत. तिथे खुद्द येशूच घाबरलेला आहे, हा प्याला टळावा असं बापाला विनवतो आहे, आणि तरी शेवटी स्वतःची इच्छा खाली ठेवतो आहे. भीती गेल्यावर शरण जायचं नसतं. भीतीसकट जायचं असतं.

म्हणूनच मन दिलं की आजार पळेल, कर्ज फिटेल, असं मंचावरून सांगणाऱ्यांचं टिळकांच्या घराशी जुळत नाही. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांनाही जागा ठेवली. वय पंचावन्नच्या पुढे, तब्येत ढासळलेली, महिन्याची मिळकत गेलेली. 5 मे 1918 ला जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. वर्ष आणि चार दिवसांनी, 9 मे 1919 ला, टिळक गेले. विश्वासाचा मोबदला इथे हिशेबाने मिळाला नाही.

खानदेशातली ख्रिस्ती मंडळी मात्र अशा मोठ्या नावांनी उभी राहिलेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगेमागे अमेरिकन अलायन्स मिशन भुसावळ-चाळीसगावकडे, तर स्वीडिश आणि स्कँडिनेव्हियन मिशनांचे लोक धुळे-नंदुरबारच्या बाजूला काम करू लागले. पश्चिमेकडे भिल्ल आणि मावची वस्त्यांत जो विश्वास रुजला, त्यात दवाखान्याचा वाटा प्रवचनापेक्षा कमी धरता येणार नाही. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासूनचं. तेव्हा तो सगळा मुलूख पश्चिम खानदेशात होता. परक्या माणसाच्या हाती अंग सोपवणं, सुई टोचू देणं, ही विश्वासाची पहिली पायरी अनेकांनी इथेच चढली असेल. देवाचा प्रश्न त्यानंतरचा.

आणि टिळक? चर्च कुठल्याही मिशनचं असो, मराठी उपासना असली की 'उपासना-संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडतं आणि त्यात टिळकांची गीतं येतातच. अभंगाच्या चालीवर, पेटी-तबल्याच्या साथीने.

त्यांचं एक काम मात्र अर्धवट राहिलं. 1909 मध्ये त्यांनी 'ख्रिस्तायन' हे येशूचं ओवीबद्ध चरित्र लिहायला घेतलं होतं. थोडेच अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, अक्षरओळख नवऱ्याकडून झालेल्या, आणि एके काळी त्याच नवऱ्याच्या देवापासून पाणीसुद्धा वेगळं ठेवणाऱ्या लक्ष्मीबाईंनी. ग्रंथ 1938 साली छापून आला. तो पाहायला त्याही नव्हत्या. दोन वर्षांपूर्वीच नाशकात त्यांचं निधन झालं होतं.