आमरीचा हिवाळी विसावा

पाऊस सरून बागायतदार आंब्यावर साफसफाईसाठीं चढला कीं त्याच्या कोयत्यापुढें दोन पाहुणे येतात. एक बांडगूळ, दुसरी आमरी. पहिला पाहुणा चोर आहे. दुसरी केवळ बिऱ्हाडकरू आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं दोघांस एकच शिक्षा होते. त्यांतही मार्गशीर्ष-पौषांत पानें गळून वाळक्या काड्यांसारखी दिसणारी आमरी मेलेली समजून खरवडून टाकण्यांत येते. वास्तविक ती मेलेली नसते. ती विसावा घेत असते, आणि त्या विसाव्यांतूनच तिचें फूल येतें. हें वाचकबंधूंच्या नजरेस आणावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ओळख सांगतों. बांडगुळाचें मूळ फांदीच्या आंत शिरतें, तेथें गांठ येते, आणि झाडाचा रस तें शोषून घेतें. आमरीच्या मुळ्या सालीवर केवळ चिकटलेल्या असतात. कोरड्या असतां पांढुरक्या, ओल्या झाल्या कीं हिरवट दिसतात. पावसाचें पाणी, दंव आणि सालीवर सांचलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचा निर्वाह चालतो. आंब्याचें ती कांहीं खात नाहीं.

आतां विसाव्याविषयीं. सह्याद्रीची स्वतःची म्हणावी अशी एक आमरी आहे. शास्त्रांत तिला डेंड्रोबियम बार्बॅट्युलम म्हणतात. पावसाळ्यांत तिचीं कांडीं भरतात व पाणी आणि अन्न त्यांत सांठतें. पाऊस गेला कीं पानें पिवळीं पडून झडतात. मग कोरड आणि रात्रींचा गारवा ह्यांची जोड मिळाली म्हणजे साधारण जानेवारी ते मार्चपर्यंत उघड्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे तुरे येतात.

येथें आमची स्वतःची चूक सांगणें योग्य होईल. नोकरींत असतां आम्हीं कागदोपत्रीं आंबा, फणस, माड अशी झाडांची नोंद असंख्य वेळां केली. त्या झाडांवर कोण राहतें हें पाहण्यास सवड मिळाली ती निवृत्तीनंतर. आमच्या परसांतील फणसाची एक फांदी वादळांत मोडली, तिच्यावरची आमरी आम्हीं फांदीसकट पडवींत टांगली. हिवाळ्यांत पानें गळूं लागतांच आम्हांस तिची कींव आली. सकाळ-संध्याकाळ पाणी, वर आठवड्यास शेणाचें पाणी, असा आम्हीं पाहुणचार चालविला. फाल्गुन आला, पण फूल एकही नाहीं. कांड्यांच्या टोंकांस कोंवळीं रोपें मात्र फुटलीं, आणि तळचीं दोन कांडीं कुजून गेलीं. शेजारचे वृद्ध बागायतदार तें पाहून म्हणाले, "तात्यानू, निजलेल्याक कित्या जेवूक घालतास?" त्या एका प्रश्नानें आमचें शिक्षण झालें. पुढील वर्षीं आम्हीं तांब्या आवरला, फांदी पडवींतून काढून उघड्यावर टांगली, आणि माघांत फुलें आलीं.

शेजाऱ्यांचें हें ज्ञान आमरीचें नव्हतें, हापूसाचें होतें. पाऊस संपल्यावर जमिनीस ताण बसला पाहिजे, पालवी जून झाली पाहिजे, आणि रात्री गार पडल्या पाहिजेत, तर मोहोर येतो. पाऊस लांबला तर नवी पालवी फुटते व मोहोर मागें पडतो. म्हणूनच मोठ्या कलमांस मोहोरापूर्वीं पाणी देण्याचा शहाणपणा कोणी करीत नाहीं. जो नियम आपण आंब्यास पाळतों, तोच त्याच्या फांदीवरील बिऱ्हाडकरणीस लागू आहे.

पानें झडणाऱ्या आमरीस हिवाळ्यांत असें जपावें. कार्तिक लागतांच खत बंद करावें व पाणी हळूहळू कमी करीत न्यावें. पानें गळाल्यावर रोजचें पाणी थांबवावें. कांडीं फारच सुरकुतलीं तर आठ-दहा दिवसांनीं सकाळीं हलका शिडकावा द्यावा, म्हणजे सांजेपर्यंत मुळ्या सुकतात. सकाळचें ऊन व पहाटेचें दंव लागेल अशा जागीं तिला टांगावें. चुलीच्या धुरांत अगर बंद पडवींत ठेवूं नये. कळ्या दिसल्यावर थोडें पाणी चालतें. पुरतें पाणी व खत मात्र नवे कोंब आणि मुळ्या फुटल्यावरच सुरू करावें.

तथापि हा नियम सरसकट लावूं नये. 'सीतेची वेणी' म्हणून ओळखली जाणारी आमरी, जिला आसामांत 'कपौ फूल' म्हणतात व जी तेथील स्त्रिया बिहूच्या सणांत केसांत माळतात, ती पानें झाडीत नाहीं आणि तिला सांठ्याचीं कांडींही नसतात. तिचें पाणी कमी करावें, तोडूं नये. बाजारांत कुंडींत मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिसचेंही तसेंच. तिला फुलाचा दांडा येण्यास कांहीं आठवडे सुमारें २५ अंशांखालील गारवा लागतो. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यांतही दुपारीं पारा तिशीच्या वर जातो, म्हणून एकदां फूल गेल्यावर ती पुन्हां सहसा फुलत नाहीं. सिक्कीमचें राज्यपुष्प असलेली डेंड्रोबियम नोबिल हिला तर रात्रींची १० ते १३ अंशांची थंडी हवी. सुमारें ६९० मीटर उंचीवरील आंबोलीस तिची आशा धरतां येईल. मालवणांत तिच्यावर पैसे घालूं नयेत. माडाच्या बागेंत व्हॅनिला लावणाऱ्यांनींही लक्षांत ठेवावें कीं तीही आमरीच्याच कुळांतील आहे, आणि फुलण्यापूर्वीं तिलाही पाण्याचा ताण द्यावा लागतो.

शेवटीं एक विनंती. हौसेपायीं जंगलांतील आमरी ओरबाडून आणूं नये. तिच्या सबंध कुळाचा परदेशव्यापार १९७५ पासून अमलांत असलेल्या 'साइटीज' करारानें नियंत्रित झाला आहे, तो ती दुर्मिळ होऊं नये म्हणूनच. आणि आपणांस वनांत जाण्याचें कारणही नाहीं. आपल्याच आंब्या-फणसांवर ती वस्तीस आहे. यंदां झाड साफ करतांना बांडगूळ फांदीच्या त्या भागासकट तोडावें. परंतु पांढुरक्या मुळ्यांची वाळकी काडी दिसली तर कोयता क्षणभर आवरावा. माघापर्यंत वाट पाहावी. उत्तर ती स्वतःच देईल.