पिल्लू घरात शू करतं? आधी हातातला झाडू खाली ठेवा

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. कुत्र्याने पोळी पळवली आणि ‘कोरडी खाऊ नको’ म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. पण घरात आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाने बैठकीत शू केली की आपण धावतो ते झाडू घेऊन. कुणी त्याचं नाक त्या ओल्यात घासतं. महिना-दीड महिना हे चालतं, मग ‘हे काही सुधारत नाही’ म्हणून पिल्लू गावाबाहेर एखाद्या ढाब्याजवळ सोडून दिलं जातं. असं उपासमारीच्या तोंडी प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण मुळात ही वेळ येते कशी?

मार खाल्लेलं पिल्लू ‘घरात करायचं नाही’ हे शिकत नाही. ते शिकतं की माणसासमोर करायचं नाही. मग ते दिवाणाखाली, कपाटामागे जाऊन करतं. आणि खरी अडचण पुढे येते: तुम्ही अंगणात अर्धा तास घेऊन उभे राहिलात तरी ते काहीच करत नाही, कारण तुम्ही समोर आहात. घरात शिरलं की लगेच कोपरा गाठतं. आपल्याला वाटतं मुद्दाम करतंय.

‘पण त्याला कळतं की! बघा कसं तोंड पाडतंय.’ हेही तपासून झालंय. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली दाखवलं की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने चूक केली की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर ठरतो. म्हणजे ती भीती असते, पश्चात्ताप नव्हे.

शिवाय एवढ्याशा जीवाला धरून ठेवता येतं तरी किती? ढोबळ हिशेब असा की वय जितके महिने, त्यात एक मिळवा. जास्तीत जास्त तेवढे तास. जागं असताना आणि खेळताना त्याहून कितीतरी कमी. म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाला दर तासाभराने बाहेर न्या. झोपून उठल्याबरोबर, खेळ संपल्यावर आणि खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांत तर हमखास. जमीन हुंगत गोल फिरू लागलं की लगेच उचला.

जागा रोज एकच ठेवा. तिथे गप्प उभं राहा. काम झालं की त्याच क्षणी, त्याच जागी शाबासकी आणि खाऊ द्या: उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरे. घरात येऊन खाऊ दिलात तर त्याला वाटतं, बक्षीस घरात येण्याचं आहे. आणि काम झाल्या झाल्या आत आणू नका, दोन मिनिटं खेळू द्या. नाहीतर हुशार पिल्लं खेळ लांबवायला शू धरून ठेवतात!

घरात चूक होताना दिसली तर न ओरडता उचलून बाहेर न्या. नंतर दिसली तर फक्त पुसा. लक्ष ठेवणं शक्य नसेल तेव्हा त्याला छोट्या जागेत ठेवा. झोपायची जागा पिल्लं सहसा घाण करत नाहीत. रात्री एकदा गजर लावून उठावं लागतं, त्याला इलाज नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. दुपारी सिमेंटचं अंगण किंवा गच्ची तापलेली असेल तर पिल्लू तिथे थांबणारच नाही. झाडाखालची मातीची जागा निवडा. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं तर अजिबात नको. लसीचे सगळे डोस होईपर्यंत रस्त्यावरची कुत्री फिरतात तिथे नेऊ नका, पार्व्होची भीती असते. अंगण नसेल तर जुन्या घमेल्यात माती भरून ठेवा. वर्तमानपत्रही चालतं, पण मग जमिनीवर पडलेला प्रत्येक पेपर त्याला आपलाच वाटतो.

पुसण्यातही एक गोम आहे. फिनाईलने आपल्या नाकाला वास येईनासा होतो, पिल्लाच्या नाही, आणि ते पुन्हा तिथेच जातं. काळं फिनाईल चाटलं गेलं तर विषारीही ठरतं. आधी कापडाने टिपा, साबणाच्या पाण्याने धुवा, मग पाणी मिसळलेलं व्हिनेगर फिरवा. फरशी शहाबादी असेल तर मात्र व्हिनेगर नको. तो चुनखडीचा दगड, आम्लाने डागाळतो. तिथे प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा.

चार-सहा महिन्यांत बहुतेक पिल्लं नीट शिकतात. शिकलेलं पिल्लू अचानक घरात करू लागलं, थेंब थेंब करत असेल किंवा शूमध्ये रक्त दिसलं, तर लघवीच्या संसर्गाची शंका घ्या आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिथे भागलं नाही तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही.